चलान भरावे की वकील द्यावा?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण कोल्हापुरात नवी नाही. वाहतुकीचा दंड झाला की तिची हमखास आठवण होते. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल ओलांडल्याचे छायाचित्र, बिंदू चौकात चुकीच्या जागी उभी केलेली दुचाकी किंवा पुण्याहून परतताना महामार्गावर ओलांडलेली वेगमर्यादा, यांपैकी कशाचे तरी ई-चलान मोबाईलवर येते आणि घरात दोन मते पडतात. एकाचे म्हणणे, पाचशे रुपये भरावेत आणि विषय संपवावा. दुसऱ्याचे म्हणणे, चूक आपली नाही, तेव्हा वकील द्यावा आणि लढावे.

ही दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर ठरू शकतात. मात्र बहुतेक जण हा निर्णय दंडाच्या रकमेवरून घेतात आणि तेथेच चुकतात. पाच हजारांचे चलान वकिलाविना निकाली निघू शकते, तर हजार रुपयांच्या चलानामागे परवाना, नोकरी किंवा अपघाताच्या भरपाईचा दावा अडकलेला असू शकतो. म्हणून चलान हाती आल्यावर रकमेआधी त्यावरील कलम वाचणे आवश्यक ठरते.

चलान म्हणजे शिक्षा नव्हे

रस्त्यावर किंवा मोबाईलवर मिळणारे चलान हा न्यायालयाचा निकाल नसतो. तो पोलिसांचा आरोप असतो आणि त्याच्याबरोबर बहुतेक वेळा तडजोडीचा प्रस्तावही असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० नुसार ठरावीक गुन्ह्यांत राज्य सरकारने निश्चित केलेले तडजोड शुल्क भरून प्रकरण न्यायालयात न नेता मिटवता येते. असे शुल्क भरल्यास त्या गुन्ह्याबाबत पुढील खटला चालत नाही आणि संबंधितावर दोषसिद्धीचा शिक्काही बसत नाही. शुल्क भरण्याचे नाकारणे हाही नागरिकाचा हक्क आहे. तसे केल्यास पोलिसांना आरोप न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती करून दंडाच्या रकमा वाढवल्या. महाराष्ट्राने सुधारित तडजोड शुल्काची अधिसूचना डिसेंबर २०२१ मध्ये काढली. त्यानुसार विनाहेल्मेट दुचाकी चालवल्यास ५०० रुपये आणि परवान्याशिवाय वाहन चालवल्यास ५,००० रुपये असे शुल्क ठरले. रकमा वाढल्या तसा चलानाला आव्हान देण्याचा विचारही अधिक लोक करू लागले.

तीन प्रकार, तीन उत्तरे

वकील द्यावा की नाही हे ठरवण्यासाठी चलानांचे ढोबळमानाने तीन गट करता येतात.

पहिल्या गटात केवळ दंडाची शिक्षा असलेले गुन्हे येतात. चुकीच्या ठिकाणी वाहन उभे करणे, सीटबेल्ट न लावणे, वाहतुकीच्या चिन्हाकडे दुर्लक्ष करणे ही त्याची उदाहरणे होत. कायद्यात वेगळी शिक्षा न सांगितलेल्या किरकोळ उल्लंघनांसाठी कलम १७७ लागू होते. त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या गटात वकिलाची फी आणि तारखांसाठी मोडणारे दिवस यांचा खर्च दंडापेक्षा सहसा अधिक होतो. चूक झालेली असल्यास रक्कम भरणे आणि चूक झालेली नसल्यास स्वतः तक्रार करणे, हाच येथे व्यवहार्य मार्ग ठरतो.

दुसऱ्या गटात दंडाबरोबर परवान्यावर गदा आणणारे गुन्हे येतात. विनाहेल्मेट प्रवास (कलम १९४ ड) आणि दुचाकीवर तिघे बसणे (कलम १९४ क) यांसाठी दंडाखेरीज तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. येथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. तडजोड शुल्क भरले तरी परवान्याविषयीची कारवाई आपोआप संपत नाही, असे कलम २०० मध्येच स्पष्ट म्हटले आहे. ज्याची दुचाकी केवळ भाजी आणण्यापुरती बाहेर पडते, त्याला तीन महिन्यांचा खंड फारसा जाणवणार नाही. परंतु रिक्षाचालक, घरपोच माल पोहोचवणारा तरुण किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीतून मालवाहतूक करणारा चालक यांच्यासाठी परवाना हीच रोजीरोटी असते. दंड तोच असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

तिसऱ्या गटात तुरुंगवासाची शिक्षा असलेले किंवा तडजोडीने न मिटणारे गुन्हे येतात. मद्यप्राशन करून वाहन चालवणे (कलम १८५) हा त्यातील ठळक गुन्हा होय. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या गुन्ह्यात तडजोड शुल्काची सोय नाही, प्रकरण न्यायालयातच जाते. धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हाती मोबाईल धरून वाहन चालवण्याचा भाग वगळता हे कलमही तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही.

कलम वाचण्याचे महत्त्व येथे कळते. तांबडा दिवा ओलांडणे किंवा विरुद्ध दिशेने वाहन हाकणे या कृतींचा उल्लेख २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये आहे. तीच कृती वाहतूक चिन्हांचे पालन न केल्याबद्दल कलम ११९ व १७७ खालीही नोंदवली जाऊ शकते. पहिल्या पर्यायात तुरुंगवासाची शक्यता असते, दुसऱ्यात केवळ दंडाची. चलानावर कोणते कलम लिहिले आहे, यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून राहतो.

वकिलाविना काय करता येते?

चूक झालेली नसताना चलान आले तर पहिली पायरी न्यायालयाची नसते. वाहन क्रमांक वाचण्यात झालेली चूक, दुसऱ्याच वाहनावर लावलेला बनावट क्रमांक, विकून टाकलेल्या वाहनाचे चलान किंवा एकाच घटनेची दोन चलाने, अशी प्रकरणे कागदपत्रांच्या आधारे प्रशासकीय पातळीवरच सुटू शकतात. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर आणि 'महाट्रॅफिक' अ‍ॅपवर चलानाचे छायाचित्र पाहता येते व तक्रारही नोंदवता येते. शहर वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन त्याची पोहोच घेणेही श्रेयस्कर. अर्जासोबत आरसी बुकाची प्रत, वाहनाची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि त्या वेळी वाहन अन्यत्र असल्याचा टोलची पावती वा तत्सम पुरावा जोडावा. बनावट क्रमांकाचा संशय असल्यास पोलिस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी. अन्यथा पुढे त्याच क्रमांकाच्या वाहनाने अपघात केल्यास मूळ मालकाला नाहक खुलासे करत बसावे लागते.

विकलेल्या वाहनाबाबत विशेष दक्षता हवी. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात दिला आहे. केवळ साध्या कागदावर सही घेऊन गाडी दिली असेल, तर चलानाचे उत्तर जुन्या मालकालाच द्यावे लागते. त्यावर वकील हा उपाय नसून नाव हस्तांतर हाच उपाय आहे.

कॅमेऱ्याने टिपलेल्या उल्लंघनांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घातला. अशी यंत्रणा बसवायच्या महाराष्ट्रातील १९ शहरांच्या यादीत कोल्हापूरचाही समावेश होता. उल्लंघन व वाहन क्रमांक दाखवणारे छायाचित्र, तारीख, वेळ, स्थळ, उल्लंघन झालेले कलम, उपकरणाने नोंदवलेले मोजमाप आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र यांची अपेक्षा या नियमात आहे. कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलकही ठळक जागी असावा लागतो. यांपैकी काही नसेल, तर तो मुद्दा अर्जात नेमकेपणाने मांडावा. 'मला माहीत नव्हते' किंवा 'सगळेच तसे जातात' या सबबींचा मात्र उपयोग होत नाही. दंड भरण्याच्या किंवा हरकत घेण्याच्या मुदतीविषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून चलानावर किंवा नोटिशीवर दिलेली मुदत प्रथम पाहावी.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. चलानाच्या नावाखाली फसवे संदेश पाठवून खात्यातील पैसे लांबवण्याचे प्रकार घडतात. संदेशातील दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनी संपणाऱ्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन वाहन क्रमांक टाकावा. चलान खरे असेल तर ते तेथे दिसते.

प्रकरण न्यायालयात गेल्यास

दंड न भरल्यास चलान प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे किंवा आभासी न्यायालयात जाऊ शकते. देशातील पहिले आभासी वाहतूक न्यायालय जुलै २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झाले. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील काटोल येथील अशा न्यायालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२० मध्ये झाले. या पद्धतीत समन्स मोबाईलवर येते. गुन्हा मान्य करून दंड ऑनलाइन भरता येतो. लढण्याचा पर्याय निवडल्यास प्रकरण त्या हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते.

'त्या हद्दीतील' हे शब्द महत्त्वाचे आहेत. द्रुतगती मार्गावर झालेल्या चलानाची सुनावणी कोल्हापूरच्या न्यायसंकुलात होत नाही. दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, मोडलेला दिवस आणि पुढची तारीख हे सारे जमेस धरले, तर दोन हजारांच्या वेगमर्यादेच्या चलानासाठी तिकडे वकील देणे क्वचितच परवडते. बेळगाव किंवा निपाणीत कर्नाटक पोलिसांनी केलेल्या चलानाबाबतही हाच विचार लागू पडतो.

स्वतःचे प्रकरण स्वतः मांडण्याची मुभा प्रत्येक आरोपीला आहे, त्यासाठी वकील सक्तीचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ नुसार केवळ दंडाच्या गुन्ह्यांत समन्सवरच पर्याय लिहिलेले असतात. आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावे, अथवा ठरलेल्या तारखेआधी गुन्हा मान्य करून रक्कम पाठवावी. मात्र गुन्हा कबूल करणे आणि तडजोड शुल्क भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कबुलीनंतर होते ती दोषसिद्धी. त्यानंतर शिक्षेचे प्रमाण किंवा तिची कायदेशीरता एवढ्यापुरतेच अपील करता येते, मूळ आरोप पुन्हा उकरता येत नाही.

जुन्या चलानांच्या बाबतीत मुदतीचा मुद्दाही उपयोगी पडतो. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत, तर एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल एक वर्षाच्या आत घ्यावी, असे बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ते होते. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असला, तरी तीन वर्षांपूर्वीची किरकोळ चलाने एकदम पुढे आली असता हा मुद्दा मांडता येतो. तथापि चलान दुर्लक्षून मुदत संपण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे. थकीत चलानांमुळे वाहनाच्या नोंदणीविषयक कामांत अडथळे येऊ शकतात.

वकील कधी द्यावाच?

काही प्रसंगी मात्र म्हणीतला शहाणपणा बाजूला ठेवून वेळ न दवडता वकिलाचा सल्ला घ्यावा.

पहिला प्रसंग अपघाताचा. चलानाबरोबर कोणाला इजा झाली असेल, तर प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहत नाही. भारतीय न्याय संहितेतील बेदरकार वाहन चालवणे (कलम २८१), इतरांचा जीव धोक्यात घालणे (कलम १२५) किंवा निष्काळजीपणे मृत्यूस कारण होणे (कलम १०६) ही कलमे लागू शकतात. यांतील शेवटच्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. फौजदारी न्यायालयात घाईने दिलेली कबुली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विरोधी पक्ष पुराव्यात दाखवू शकतो. वाहनाचा विमा नसेल, तर नुकसानभरपाईची रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागू शकते. हजार रुपयांत सुटलो असे वाटणारा माणूस पुढे लाखोंच्या दाव्यात सापडतो तो येथे.

दुसरा प्रसंग मद्यप्राशनाच्या गुन्ह्याचा. श्वास तपासणीची छापील नोंद, यंत्राची प्रमाणता, रक्ताचा नमुना केव्हा व कोणी घेतला, या तांत्रिक बाबी तपासण्यासाठी जाणकार लागतो. शिवाय दोषसिद्धीचा परिणाम परवाना, चालकाची नोकरी आणि विम्याच्या दाव्यावर होऊ शकतो.

तिसरा प्रसंग अल्पवयीन मुलाचा. कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळू शकत नाही. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली किंवा त्याला रोखण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. शिकवणीला जाण्यासाठी मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्या घरांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी.

चौथा प्रसंग उपजीविका परवान्यावर असलेल्यांचा. परवाना अपात्र ठरवण्यापूर्वी परवाना प्राधिकाऱ्याने संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी देणे आणि आदेशाची कारणे लेखी नोंदवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. खरी लढत अशा वेळी चलानाच्या रकमेवर नसते, ती परिवहन कार्यालयातील या सुनावणीत असते. नोटिशीला उत्तरच न देणे ही तेथील सर्वांत महागडी चूक ठरते.

फी, हमी आणि मध्यस्थ

अमेरिकेत राहणारे नातेवाईक साध्या वेगमर्यादेच्या तिकिटासाठीही वकील देतात, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटते. तेथील अनेक राज्यांत उल्लंघनागणिक परवान्यावर गुण चढतात आणि विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे वाढू शकतो. त्यामुळे दंडापेक्षा वकिलाची फी स्वस्त पडते. आपल्याकडील २०१९ च्या दुरुस्तीत अशी गुणनोंद नव्हती. म्हणून तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू करणे योग्य नाही.

'जिंकलो तरच फी' असा करार भारतातील वकिलाला करता येत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवण्यास मनाई आहे. 'शंभर टक्के सोडवून देतो' अशी हमी देणारा वा साहेबांशी ओळख असल्याचे सांगणारा मध्यस्थ टाळलेला बरा. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. फी एकूण कामाची आहे की प्रत्येक तारखेची, परवान्याच्या सुनावणीचे काम तीत धरले आहे का, आणि कायद्यानुसार अधिकाधिक व कमीत कमी काय होऊ शकते. केवळ एकदा सल्ला घेऊन पुढचे काम स्वतः करणे हाही मधला मार्ग आहे.

खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार खुले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत वकील मागू शकतात. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

लोकअदालत आणि सर्किट बेंच

थकीत चलाने अनेकदा राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात. तेथे वकिलाची गरज नसते. मात्र तेथील निवाडा अंतिम असून त्याविरुद्ध अपील नाही. सवलत मिळेलच अशी खात्रीही नसते. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंड निम्म्या रकमेत भरण्याची मुभा दिली होती, पण तशी घोषणा कधी होईल या भरवशावर चलाने साचवणे धोक्याचे आहे. चूक मान्य असलेल्यासाठी लोकअदालत सोयीची आहे. ज्याला आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे आहे, त्याने तेथे तडजोड करण्यापूर्वी विचार करावा.

दीर्घ आंदोलनानंतर १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना उच्च न्यायालय जवळ आले. याचा अर्थ पाचशे रुपयांच्या चलानासाठी थेट तेथे धाव घ्यावी असा नाही. परंतु सुनावणी न देता परवाना रद्द होणे किंवा चुकीच्या व्यक्तीवर गुन्हा नोंदला जाणे यांसारख्या गंभीर प्रकरणांत अन्य मार्ग संपल्यावर दाद मागण्यासाठी आता मुंबईची वाट धरावी लागत नाही.

तेव्हा चलान आल्यावर चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. कलम कोणते आहे? त्यात कैद किंवा परवान्याची अपात्रता आहे का? घटनेत कोणी जखमी झाले आहे का? आणि सुनावणी कोठे होणार? चारही उत्तरे साधी असतील, तर दंड भरावा किंवा स्वतः अर्ज करावा. त्यातले एखादे जरी गंभीर निघाले, तरी रक्कम भरण्यापूर्वी आणि गुन्हा कबूल करण्यापूर्वी वकिलाला गाठावे. कोर्टाची पायरी टाळणे हे शहाणपण खरेच. पण समन्स हाती पडल्यावर त्या पायरीकडे पाठ फिरवणे हे शहाणपण नव्हे.